बावीबीदीतली हाक

कुठे चाललो ते सांगून बाहेर पडावं, एवढी साधी रीत गौडांना पन्नास वर्षांत जमली नाही. शेतावर गेले तर शेतावर, बाजाराला गेले तर बाजाराला, पण सांगणं नाही. हाक मारावी तर पहिल्या हाकेला मान वळायची नाही, दुसरीला नुसतं ‘हूं’, आणि तिसरीला आलेच तर कपाळावर आठी घेऊन. त्यांच्या बायकोच्या, पुट्टतायम्माच्या गळ्याला जी धार होती, ती काही तिनं जन्मताना आणली नव्हती. या माणसाला हाका मारून मारून ती आली होती.

आणि आता तर त्यांना विसरण्याचा आजार जडला होता.

दोघं आता मुलाकडे, नंजुंडाकडे राहत होती. त्याचं घर बेंगळुरूच्या बाहेर, होसूरच्या रस्त्याला, चौदाव्या मजल्यावर. खाली बाग, पोहायचा हौद, दारावर चार पहारेकरी. पण कोथिंबिरीची जुडी आणायची तर मोटार काढावी लागे. फाटकाबाहेर सहा पदरी रस्ता, आणि कडेला माणसानं चालावं म्हणून वीतभर जागा ठेवलेली नव्हती. गौडा दोनदा त्या रस्त्याला लागले. दुसऱ्यांदा सापडले ते उड्डाणपुलावर, अनवाणी, लॉऱ्यांना हात दाखवत. कुठे निघाला होतात, असं विचारल्यावर म्हणाले, डॉक्टरला आणायला. कोणासाठी, ते त्यांना सांगता येईना.

सून म्हणाली, दाराला बाहेरून कुलूप लावू. पुट्टतायम्मानं तिला सांगितलं की दावं म्हशीला लावतात. मग ती मुलाकडे वळली. चालणाऱ्या माणसाला चालायला जागा हवी, ती म्हणाली. सगळं पायापाशी असेल आणि माझी हाक पोचते तिथवरच त्यांची धाव असेल, असं ठिकाण बघ. आम्ही दोघं तिथं राहू.

नंजुंडानं फोनवर नकाशा उघडला. म्हैसूर बरं, तो म्हणाला, जुन्या वस्त्या आहेत, देऊळ चार मिनिटं, दवाखाना सहा मिनिटं.

“मिनिटं तुझ्या पायांची की माझ्या?” तिनं विचारलं.

पहिली वस्ती दाखवली ती धुऊन वाळत घातल्यासारखी होती. रुंद रस्ते, गुलमोहर, आणि तासाभरात दिसली ती दोन कुत्री आणि एक दूधवाला. इथं माणूस हरवला तर सांगायला कावळासुद्धा नाही, असं म्हणून ती गाडीत जाऊन बसली. दुसऱ्या वस्तीत दुकानं होती, माणसं होती, पण तिनं मारलेली हाक स्कूटरच्या भोंग्यांनी तोंडातल्या तोंडातच खाल्ली. तिसरी बावीबीदी, म्हणजे विहिरीची गल्ली.

गल्ली एवढीशी. एका टोकाला लोखंडी जाळी घातलेली जुनी विहीर, दुसऱ्या टोकाला पिंपळाचा पार. मधे पिठाची गिरणी, कॉफी दळून देणारं दुकान, फुलवाली, मारम्माचं बुटकं देऊळ आणि सकाळ-संध्याकाळ उघडणारा दवाखाना. घरांना तांबड्या कोब्याचे ओटे, ओट्यांवर शेंगा निवडणाऱ्या बायका. पुट्टतायम्मानं नंजुंडाला सांगितलं, बापाला पाराच्या पलीकडे, वळणापर्यंत घेऊन जा आणि गप्प उभा राहा. मग ती रिकाम्या घराच्या दारात आली आणि हाक मारली, “अहो!”

गौडा पहिल्या हाकेला आले.

मागून नंजुंडा आला तो कान चोळत. अव्वा, तू ओरडलीस का कुजबुजलीस, असं त्यानं विचारलं. कानाला तोंड लावून बोलल्यासारखं ऐकू आलं म्हणे. भिंतींचा गुण असेल, ती म्हणाली, आणि घर पक्कं झालं.

पहिला महिना तिनं सुखात काढला, आणि सुख आहे असं कोणाला म्हणाली नाही, कारण म्हटलं की दृष्ट लागते. गौडा सकाळी विहिरीपर्यंत जात, दुपारी गिरणीपाशी बसत, संध्याकाळी देवळाला तीन फेऱ्या मारत. ती डाळीचं सारू ढवळता ढवळता दाराशी येई आणि हाक मारी. ते येत. कधी खोकत, कधी कोणा दुसऱ्याची चप्पल घालून, पण येत.

दिवेलागणीला तर अख्खी गल्लीच दारात येई. प्रत्येक घरातून एकेक बाई बाहेर पडायची, पदर सारखा करायची आणि हाक मारायची, “अहो.” नाव कोणीच घेत नसे, आणि ते पुट्टतायम्माला पटे. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याच्या आयुष्यातला एक दिवस गळतो, असं तिला तिच्या आजीनं सांगितलं होतं. तिनं पन्नास वर्षांत ते घेतलं नव्हतं. कचेरीत विचारलं तर ती रेशनकार्डावर बोट ठेवायची. वाचता येत नव्हतं, पण ती ओळ कोणती ते तिला ठाऊक होतं.

हाका संपल्या की गल्लीतून पुरुष घरोघर जायचे. स्वच्छ पांढरी धोतरं, विंचरलेले केस. समोरच्या लीलावतम्माचा नवराही असाच. ओट्याच्या तीन पायऱ्या चढताना तो गुडघ्याला हात लावत नसे. पुट्टतायम्माच्या एकदा मनात आलं, एवढी म्हातारी माणसं, आणि गल्लीत एकही खोकत नाही.

खोकायचे ते पारावरचे. सात-आठ म्हातारे तिथं दिवसभर घोंगड्या पांघरून बसलेले असत, रस्त्याकडे पाठ, तोंड झाडाच्या बुंध्याकडे. दुपारी प्रत्येक घरातून एकेक बाई केळीच्या पानावर वाढून नेई आणि आपापल्या ठरलेल्या म्हाताऱ्यापुढे ठेवी. भिकाऱ्यांना इतकं गरम जेवण घालणारी गल्ली तिनं पाहिली नव्हती. तिनं लीलावतम्माला तसं बोलून दाखवलं. लीलावतम्मा केसांतला जाईचा गजरा सावरत म्हणाली, “भिकारी नव्हेत ते, अम्मा. ज्याचं त्याचं असतं.”

पावट्याच्या शेंगा बाजारात आल्या आणि थंडी पडली, तेव्हाची गोष्ट. गौडा विहिरीकडे गेलेले तिनं डोळ्यांनी पाहिले. दिवेलागणीला हाक मारली, तर आले पाराकडून. गल्लीच्या मागून फिरून आले असतील, असं तिनं धरलं. पाय धुवायला तांब्या पुढे केला. त्यांनी पायांवर पाणी ओतलं. खाली वाहिलं ते पाणी ओतलं तसंच नितळ होतं.

त्या रात्री त्यांनी बैलांची नावं सांगितली. केंचा आणि करिया. चार वर्षांत त्यांना स्वतःच्या मुलाचं नाव आठवलं नव्हतं.

पुढे रोजच काही ना काही परत येऊ लागलं. सुनेच्या माहेरचं गाव. लग्नात आलेली पितळेची घंगाळं, आणि त्यातलं एक पुट्टतायम्माच्या नणंदेनं कसं लांबवलं ते. पुट्टतायम्मानं हाक मारली की पहिल्या हाकेला यायचे आणि भिंतीला टेकून बसायचे. खोकला गेला. रविवारी नंजुंडा आला, बापानं त्याला नावानं बोलावलं, आणि पंचेचाळीस वर्षांचा तो घोडा दाराआड जाऊन रडला. औषध लागू पडलं, म्हणाला. हवा मानवली.

तिला आनंद झाला नाही असं नाही. पण घरात कोणी तक्रार करेना. एकदा ती सारूत मीठ घालायला विसरली. पहिल्या घासाला ताट सरकवणारा माणूस नाचणीचा सगळा मुद्दे, सगळं सारू संपवून उठला. दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम मीठ घातलं नाही. तेव्हाही तेच. ती त्या रिकाम्या ताटाकडे बराच वेळ बघत बसली.

गुरुवारी दुपारी दोघं शेंगा सोलत होती.

त्यांची पहिली मुलगी आठ महिन्यांची होऊन गेली, त्याला आता शेहेचाळीस वर्षं झाली होती. पावसाची रात्र, पोर तापानं फणफणलेली. गौडा डॉक्टरला आणतो म्हणून गेले आणि पहाटे एकटेच आले, तोवर पोर गार झाली होती. पुलावर पाणी होतं, ते म्हणाले. पण त्या रात्री शेजारच्या गावात नाटक होतं, हे गावानं तिच्या कानावर घातलं. तेव्हापासून भांडणाला कुठूनही सुरुवात होवो, शेवट तिथंच यायचा. तुम्ही नाटकाला बसला होता, ती म्हणायची. गौडा कधी कबूल झाले नाहीत, कधी उलट बोलले नाहीत. पानावरून उठायचे.

“त्या रात्री मी नाटकाला बसलो होतो,” शेजारून आवाज आला. “पोर इथं तडफडत होती, आणि मी तिथं राक्षसाचं सोंग बघत होतो.”

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

हेच ऐकायला ती शेहेचाळीस वर्षं थांबली होती. पण वाक्य तिचं होतं. शब्दन् शब्द तिचा. राक्षसाचं सोंग तर तिनं घरी बसून मनानं जोडलेलं होतं, वार खोल जावा म्हणून. नाटक कोणतं होतं ते तिला आजवर माहीत नव्हतं.

तिनं विचारलं, नाटक कोणतं? शेजारी कोण बसलं होतं?

त्यानं तिच्याकडे पाहिलं. पोपट पुढच्या शब्दासाठी मान तिरकी करून बघतो, तसं. रागानं नाही, लाजून नाही. ती सांगेल ते म्हणायला तो तयार होता.

रात्रभर ती त्याच्याकडे पाठ करून जागी होती. मागून श्वास ऐकू येतो का, ते ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी लीलावतम्मा ओट्यावरून उतरली, तेव्हा तिच्या हातात दोन पानं होती. पुट्टतायम्मानं विचारलं, दोन कशाला?

“एक आमचं,” लीलावतम्मा म्हणाली, “एक तुमचं. नऊ दिवस मीच देतेय. नव्या माणसांना आधी कळत नाही. राग मानू नका, अम्मा. घरात आलाय तो बरा आहे ना? मग झालं.”

पुट्टतायम्मानं तिच्या हातातलं एक पान काढून घेतलं.

पारावर आठ घोंगड्या होत्या. ती एकेक करून मागून बघत गेली. शेवटच्या घोंगडीखालून तपकिरी स्वेटरची बाही दिसत होती. नंजुंडानं दिवाळीला आणलेला स्वेटर. कोपरापाशी तिनंच तो चुकीच्या रंगाच्या दोऱ्यानं शिवला होता.

ती समोर जाऊन उभी राहिली. दाढी वाढलेली. ओठ फुटलेले. छाती खोकल्यानं वाजत होती.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि अदबीनं हात जोडले. “अक्का, डॉक्टर उठले का? पोरगी तापलीय. पूल पाण्याखाली गेलाय. बैल अलीकडेच बांधले आणि दोराला धरून आलोय. त्यांना म्हणावं, येताना मी खांद्यावर घेतो.”

ती पाराच्या काठावर बसली.

“डॉक्टर उठले नाहीत का?” त्यांनी पुन्हा विचारलं. “रात्रभर दार वाजवतोय.”

“अहो, घरी चला,” ती म्हणाली.

त्यांना ते ऐकू गेलं नाही. पण गल्लीत तिच्या घराचं दार उघडलं आणि तो बाहेर आला. पांढरं धोतर, विंचरलेले केस. तो पाराच्या दिशेनं चालू लागला.

तिनं गौडांचा दंड धरला. त्यांनी झटकला. डॉक्टरशिवाय हलणार नाही, म्हणाले.

“अहो, उठा.”

तो आणखी जवळ आला. तिला मग कळलं. ही हाक यांना पोचतच नव्हती. ती ज्याला पोचत होती, तो येत होता.

बाकीच्या सात घोंगड्यांतून कोणी वळून पाहिलं नाही.

तिला आजी आठवली. नाव घेतलं की एक दिवस गळतो. किती दिवस उरले असतील या माणसाकडे, आणि त्यातला एक कमी झाला तर काय मोठं. तिनं पदर खोचला.

“जवरेगौडा!”

गल्लीत ओट्या-ओट्यांवर शेंगा निवडणारे हात थांबले. येणारा तो गिरणीपाशी उभा राहिला, एक पाऊल पुढे टाकलेलं, तसाच.

“जवरेगौडा!”

घोंगडी हलली.

“जवरेगौडा, उठा म्हणते ना!”

“ऐकू येतं,” ते म्हणाले. कपाळावर आठी होती. “बहिरा नाही मी.”

ती त्यांना धरून गल्लीतून निघाली. गिरणीपाशी तो बाजूला झाला आणि त्यानं वाट दिली. तोंडभर हसला. तिनं मान वर केली नाही, त्याचे पाय तेवढे पाहिले. गिरणीच्या दारात पिठाचा थर होता. तो त्यात उभा होता, आणि पिठात पाऊल उमटलं नव्हतं.

लीलावतम्मा आपल्या ओट्यावरून हळूच म्हणाली, चूक करताय, अम्मा, हा उद्या पुन्हा जाईल. पुट्टतायम्मानं तिला सांगितलं, जाईल तर मी आणीन, माझे पाय आहेत. मग तिनं आत येऊन दोन्ही कड्या घातल्या.

नंजुंडाला फोन केला. सकाळी गाडी घेऊन ये, घर बदलायचंय. तो चक्रावला. सगळं किती जवळ आहे तिथं, म्हणाला.

“फारच जवळ आहे,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

गरम पाण्यानं तिनं गौडांचे पाय धुतले. तीनदा पाणी बदलावं लागलं. ते तिला अक्का, अक्का म्हणत राहिले आणि या घरची मालकीण कुठे गेलीय ते विचारत राहिले. तिनं मुद्दे वळला, सारू वाढलं. पहिला घास तोंडात गेला आणि त्यांनी तोंड वाकडं केलं. मीठ कमी आहे, म्हणाले. तिनं मीठ आणून दिलं, आणि पुन्हा चुलीकडे तोंड करून थोडा वेळ उभी राहिली.

दिवे लागले.

बाहेर हाका सुरू झाल्या. विहिरीकडच्या घरातून, मग गिरणीच्या वरच्या घरातून, मग समोरून, लीलावतम्माची. अहो. अहो. एकेक दार वाजलं आणि बंद झालं. पुट्टतायम्मा जागेवरून हलली नाही.

गल्ली शांत झाली.

मग तिच्याच दाराबाहेर, ओट्यावरून, कोणीतरी हाक मारली.

“अहो.”

आवाज तिचा होता. तीच धार, तोच घसा. फक्त धार कोणीतरी मऊ कापडात गुंडाळून आणली होती.

गौडांचा हात ताटावर थांबला. नऊ दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी घास खाली ठेवला.

“अहो, या ना घरी.”

“येतो हं, अक्का,” ते उठत म्हणाले. “बायको बोलावतेय माझी.”

तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना पुन्हा पाटावर बसवलं.

“तुमची बायको जन्मात कधी इतकं गोड बोलली नाही. बसा, जवरेगौडा, आणि जेवा.”